शिवी म्हणजे अश्लील नव्हे

सूत्रसंचालकाच्या तोंडून एखादा शब्द सुटला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच वाक्य फिरतं: "वाहिनीवर अश्लील भाषा वापरली." तक्रारअर्जात तेच, संघटनांच्या निवेदनात तेच, बातमीच्या मथळ्यातही तेच. प्रत्यक्षात पाहावं तर त्या माणसाने रागाच्या भरात शिवी दिलेली असते. शिवी वाईट असेल, टीव्हीवर ती नकोही असेल, पण ती अश्लील नाही. उलट त्याच आठवड्यात दुसऱ्या वाहिनीवर एक निवेदक समोरच्या पाहुणीच्या पदराकडे बघत संत्री-लिंबांच्या उपमा देत असतो, त्यात एकही शिवी नसते आणि घरातले सगळे हसतात. अश्लील या शब्दाच्या जवळ जाणारी गोष्ट ती आहे, आणि तिच्याबद्दल अर्ज येत नाही.

शिवी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावण्याची गरज नाही. "आयला", "च्यायला" मूळचे आईवरचेच, पण वापरून वापरून त्यांची धार गेली आणि आता ते आश्चर्याचे उद्गार झाले. कोल्हापुरात मित्र मित्राला ज्या हाकेने बोलावतो, ती पुण्याच्या बैठकीच्या खोलीत शिवी ठरते. मालवणी आजी "मेल्या" म्हणते त्यात माया असते. म्हणजे शिवी प्रदेश, नातं आणि सूर यांवर ठरते, एवढं पुरे.

गोंधळ होतो तो दुसऱ्या शब्दावर, आणि त्याला जुनं कारण आहे. संस्कृत काव्यशास्त्रात अश्लील हा दोष फार रुंद होता. "काव्यप्रकाश" लिहिणाऱ्या मम्मटाने त्याचे तीन प्रकार सांगितले: ऐकून लाज वाटते तो, किळस येते तो आणि अमंगल सुचवतो तो. आपल्या रोजच्या बोलण्यातला "अश्लील" अजून त्या तिन्हींना कवेत घेतो, म्हणून शिवी ऐकून अंगावर शहारा आला की तोंडात तोच शब्द येतो. पण मम्मटानेच "ग्राम्य" हा दोष वेगळा काढला होता. शब्द गावठी, असंस्कृत असणं ही एक गोष्ट आणि अश्लील असणं दुसरी. जो फरक त्याला करावासा वाटला तो आपण आज विसरून बसलो आहोत.

कायद्यातला "अश्लील" मात्र खूप अरुंद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९२, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४. त्यात मजकूर कामुक आहे का, वासना चाळवणारा आहे का, पाहणाऱ्याचं मन भ्रष्ट करणारा आहे का, हे तपासतात. किळस येते का, ही कसोटी तिथे नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये बंगाली लेखक समरेश बोस यांच्या कादंबरीवरच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं: असभ्य मजकुराने तिटकारा येईल, किळस येईल, कंटाळाही येईल, पण तेवढ्याने तो वाचकाला बिघडवत नाही, म्हणून तो अश्लील ठरत नाही. मराठीपुरतं बोलायचं तर त्याआधी, १९६९ मध्ये, "रंभा" मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून चाललेल्या खटल्यात याच न्यायालयाने लेखक चंद्रकांत काकोडकर यांना निर्दोष ठरवलं होतं. सुटी वाक्यं उचलून अश्लीलता ठरत नाही, कलाकृती पूर्ण पाहावी लागते आणि काळाबरोबर समाजाचं मोजमाप बदलतं, हे तेव्हापासूनचं आहे.

आणि शिवीबद्दल थेट निकाल आला १९ मार्च २०२४ रोजी, एका वेबमालिकेच्या खटल्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश कायम ठेवला होता, कारण मालिकेतली पात्रं सतत शिव्या देत होती. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तर्क असा: बहुतेक शिव्यांचा शब्दशः अर्थ लैंगिक असतो हे खरं, पण बोलणारा तो अर्थ बोलत नसतो. त्यातून राग, वैताग, दुःख, फार तर उत्साह बाहेर पडतो, आणि ऐकणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात त्यामुळे कामवासना जागी होत नाही. हे शब्द कोर्टात उच्चारता येतील का, ही उच्च न्यायालयाची कसोटीही चुकीची ठरली.

सबंध विषयाची किल्ली इथे आहे. शब्द कुठल्या अवयवाचा किंवा कुठल्या नात्याचा आहे हे बघू नका, त्या क्षणी तो काय काम करतोय ते बघा. कॅमेऱ्याचा स्टँड पायावर पडला आणि निवेदक आई-बहिणीवरून ओरडला, तर तो कळवळला आहे. तोच निवेदक हळू आवाजात, हसत, पूर्ण सभ्य शब्दांत पाहुणीला तिच्या पहिल्या रात्रीबद्दल खोदून विचारतो तेव्हा शब्द स्वच्छ आहेत आणि हेतू चाळवण्याचा आहे. पहिल्याला असभ्य म्हणा. दुसऱ्याच्या बाबतीत अश्लीलतेची चर्चा निदान सुरू तरी होऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबवरच्या एका विनोदी कार्यक्रमावरून देशभर गुन्हे दाखल झाले, तेव्हाही लोक "शिव्या दिल्या" म्हणत होते. वाद पेटला होता आई-वडिलांच्या शरीरसंबंधाविषयीच्या एका प्रश्नावरून, शिवीवरून नव्हे.

आता कुणी म्हणेल, मग टीव्हीवर शिव्या चालतात का? नाही. इथेच दुसरी बाजूही घसरते: "कोर्टाने सोडलं म्हणजे वाहिनीला मोकळं रान." केबल टेलिव्हिजनचा १९९५ चा कायदा आणि त्याच्या जोडीचे १९९४ चे नियम यांत कार्यक्रम संहिता आहे. नियम ६ मध्ये अगदी पहिलीच अट आहे की कार्यक्रमाने सुरुची आणि सभ्यतेला धक्का लावू नये. अश्लीलतेची अट पुढे, वेगळ्या उपकलमात आहे. नियम करणाऱ्यांनाच हे दोन वेगळे वाटले होते. तेव्हा निवेदकाची शिवी फौजदारी गुन्हा नसेल, तरी कार्यक्रम संहितेचा भंग असू शकते. ही तक्रार वाहिनीकडे जाते, पोलिसांकडे नव्हे.

किरकोळ गैरसमज भराभर निपटतो. सेन्सॉर बोर्डाचा निवेदकाच्या बोलण्याशी संबंध नाही. ते चित्रपटांना प्रमाणपत्र देतं, आणि मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर २००६ पासून टीव्हीवर फक्त यू किंवा यूए चित्रपट दाखवता येतात, इतकाच त्याचा टीव्हीशी धागा. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ नाटकांसाठी आहे. "रात्री नऊनंतर चालतं" हे ब्रिटनचं आहे. आपल्याकडे मनोरंजन वाहिन्यांच्या स्वनियमनात प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांची वेळ रात्री ११ ते पहाटे ५ आहे. आणि तोच कार्यक्रम यूट्यूबवर किंवा ॲपवर आला की केबलचे नियम संपतात, माहिती तंत्रज्ञान कायदा सुरू होतो.

बीपबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण या गोंधळाचा फायदा वाहिन्या तिथेच उठवतात. बीप हा शिवीवरचा उपाय आहे. तो शब्द झाकतो. अश्लीलता अर्थात असते, तिच्यावर बीप चालत नाही. उलट द्व्यर्थी वाक्यातल्या निरुपद्रवी शब्दावर बीप टाकला की प्रेक्षक मनातल्या मनात सगळ्यात घाणेरडा शब्द भरतो. साधं वाक्यही असं अश्लील करता येतं, आणि काही विनोदी कार्यक्रम हे ठरवून करतात. हा प्रामाणिकपणा नाही.

खरोखर झाकायचं असेल तर काम असं होतं. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम चालतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. बीप पहिल्या व्यंजनाच्या निदान एक फ्रेम आधी सुरू व्हायला हवा, कारण मराठीत पहिलं अक्षर ऐकू आलं की पुढचा शब्द कळतोच. तो प्रत्ययासकट संपायला हवा. शब्द झाकला आणि शेवटचं "च्या" किंवा "ला" मोकळं राहिलं, तर झाकण्याला अर्थ उरत नाही. निवेदकाचा माइक बंद केला तरी शेजारच्या पाहुण्याच्या कॉलर माइकवर आणि प्रेक्षकांच्या माइकवर तोच शब्द पकडलेला असतो, त्यामुळे त्या क्षणापुरते सगळे ट्रॅक बंद करून मगच १००० हर्ट्झचा सूर टाकायचा. चेहरा जवळून दिसत असेल तर ओठ धूसर करायचे. मग पडद्याच्या खाली येणारी अक्षरं, प्रोमो आणि समाजमाध्यमांवर जाणारी क्लिप तपासायची. चूक बहुतेक वेळा तिथे सापडते, कारण मुख्य भाग एक संपादक बघतो आणि क्लिप दुसराच कुणी कापतो. शब्दाची पहिली दोन अक्षरं ठेवून मधे फुल्या टाकणं तर बंदच करावं. त्यापेक्षा वाक्यच कापावं.

एका प्रकारचे शब्द मात्र शिवी आणि अश्लील या दोन्ही खणांत बसत नाहीत, आणि लोक त्यांना "साधी शिवी" म्हणून सोडून देतात. जातीचं नाव घेऊन केलेला अपमान. निवेदक स्वतःच्या अवताराबद्दल बोलताना सफाईचं काम करणाऱ्या समाजाचं नाव विशेषणासारखं वापरतो, कुणी बीप टाकत नाही, कारण कानाला तो शब्द शिवीसारखा लागत नाही. माझ्या लेखी टीव्हीवर उच्चारल्या जाणाऱ्या कुठल्याही आई-बहिणीवरच्या शिवीपेक्षा हा शब्द वाईट आहे. कायदाही त्याला हलकं मानत नाही. अनुसूचित जाती किंवा जमातीतल्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ करणं अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. तसंच चर्चेतल्या एखाद्या स्त्रीला उद्देशून तिच्या शीलावर बोललं, तर ते न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये जातं. तिथेही "अश्लील" हा शब्द लिहून तक्रार कमकुवत करू नका.

तक्रार लिहायचीच असेल तर वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहा. लाजून "अपशब्द" लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मग एकच आरोप निवडा. शिवी असेल तर "सुरुची आणि सभ्यतेचा भंग", लैंगिक सूचकता असेल तर "अश्लील", आणि दुसऱ्या बाबतीत शब्दांबरोबर हावभाव, कॅमेरा कुठे नेला, हसण्याचा आवाज कुठे टाकला हेही नोंदवा, कारण अश्लीलता तिथे असते. केबल टेलिव्हिजनच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे अर्ज आधी वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जातो. पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करायचं: वृत्तनिवेदकासाठी एनबीडीएसए (वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची तक्रार संस्था), मनोरंजनाच्या सूत्रसंचालकासाठी बीसीसीसी (मनोरंजन वाहिन्यांची तक्रार परिषद). तिला ६० दिवसांची मुदत आहे, आणि त्यानंतर १५ दिवसांत केंद्र सरकारकडे जाता येतं. वाहिनीला आपल्या प्रक्षेपणाची नोंद ९० दिवसच ठेवावी लागते, म्हणून पहिला अर्ज त्याच आठवड्यात करा आणि प्रक्षेपणाची नोंद जपून ठेवावी अशी मागणी त्यातच लिहा.