प्रौढ दत्तक कुत्र्याचे गृहशिक्षण

प्रौढ दत्तक कुत्र्याचे गृहशिक्षण : रस्त्यावर, निवारागृहात किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढलेला आणि वयाचे एक वर्ष ओलांडलेला कुत्रा घरी आणल्यावर त्याला मलमूत्र विसर्जनाची ठरावीक जागा व वेळ अंगवळणी पाडण्याची आणि घरातील रोजच्या वावरात सामावून घेण्याची प्रक्रिया. बोलण्यात तिला ‘शी-शूची सवय लावणे’ एवढेच म्हटले जात असले, तरी जेवण, झोप, एकटे राहणे, जिना व लिफ्टचा वापर आणि पाहुण्यांची ये-जा या गोष्टी तिच्याशी इतक्या गुंतलेल्या असतात की त्यांचा वेगळा विचार करता येत नाही.

पिल्लू असतानाच आणले तर कुत्रा शिकतो, मोठा झाल्यावर शिकत नाही, हा समज महाराष्ट्रात सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी असंख्य चांगली कुत्री निवारागृहांत आयुष्य काढतात. निरोगी प्रौढ कुत्रा सहा ते आठ तास लघवी रोखू शकतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला ते शक्य नसते. प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत अडचण शारीरिक क्षमतेची नसते, ती आधीच पक्क्या झालेल्या सवयीची असते. ती सवय कोणती हे घरच्यांनी ओळखले आणि त्यानुसार स्वतःचे वेळापत्रक बदलले, तर बहुतेक कुत्री काही आठवड्यांत घर स्वच्छ ठेवू लागतात.

पूर्वायुष्य व जमिनीची निवड : कुत्रा विसर्जनासाठी जागा निवडतो ती वासावरून आणि पायाखालच्या स्पर्शावरून. ही आवड आठ-नऊ आठवड्यांच्या वयापासून ठरू लागते आणि पुढे टिकून राहते. मोकळ्या रस्त्यावर वाढलेला देशी कुत्रा माती, वाळू, गवत किंवा कचऱ्याच्या ढिगाची कड शोधतो आणि आपल्या निजण्याच्या जागेपासून दूर जातो. असा कुत्रा फ्लॅटमध्ये आला की गुळगुळीत फरशीवर तो सहसा घाण करत नाही. मात्र पायपुसणे, गालिचा, बाल्कनीतील कुंड्या किंवा खाली पडलेली चादर त्याला मातीसारखी मऊ वाटते आणि पहिली चूक बहुधा तिथेच होते. म्हणून पहिले काही आठवडे पायपुसणी उचलून ठेवणे हा साधा उपाय फार उपयोगी पडतो.

सिमेंटच्या खोलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या निवारागृहातील कुत्र्याचे नेमके उलट असते. त्याला कडक, गार जमिनीचीच सवय असल्यामुळे तो बागेत तासभर फिरून काहीच करत नाही आणि घरात शिरताच दिवाणखान्यातील फरशीवर मोकळा होतो. हा हट्ट किंवा सूड नव्हे. अशा कुत्र्याला सुरुवातीला सोसायटीच्या आवारातील फरसबंदीच्या कडेला न्यावे आणि मग हळूहळू मातीकडे सरकवावे. पैदाशीसाठी पिंजऱ्यात ठेवून नंतर टाकून दिलेल्या जातिवंत कुत्र्यांचे शिक्षण सर्वांत अवघड असते. झोपायच्या जागी घाण न करण्याची जी उपजत प्रेरणा इतर कुत्र्यांत शिक्षणाचा पाया ठरते, ती पिंजऱ्यातल्या सक्तीमुळे त्यांच्यात बोथट झालेली असते. त्यांना काही महिने लागू शकतात आणि घरच्यांनी तेवढी तयारी ठेवूनच त्यांना आणावे.

वेळापत्रक : पहिले दोन-तीन आठवडे कुत्र्याला दिवसातून पाच-सहा वेळा बाहेर न्यावे लागते : सकाळी उठल्याबरोबर, प्रत्येक जेवणानंतर, दुपारच्या झोपेतून जाग आल्यावर, खेळानंतर आणि रात्री निजण्यापूर्वी. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे जेवणाच्या वेळा बांधल्या की शीच्या वेळाही आपोआप बांधल्या जातात. दिवसभर भांड्यात खाणे भरून ठेवणाऱ्या घरात ही शिस्त बसत नाही. प्रत्येक वेळी एकाच जागी न्यावे, पट्टा सैल धरून शांत उभे राहावे आणि ‘शू कर’ असा एकच शब्दप्रयोग घरातील सर्वांनी वापरावा. विसर्जन पूर्ण होताच तिथल्या तिथे खाऊ द्यावा. घरी परतल्यावर दिलेला खाऊ कुत्रा दार ओलांडण्याशी जोडतो, लघवीशी नव्हे. आणखी एक बारकावा असा की काम उरकताच कुत्र्याला लगेच वर आणले, तर लघवी केली की फिरणे संपते हे तो चटकन शिकतो आणि रोखून धरू लागतो. म्हणून त्यानंतर थोडे फिरवूनच परतावे.

घरात असताना सुरुवातीच्या दिवसांत कुत्रा नजरेआड होऊ देऊ नये. जमीन हुंगत लहान घेरे घेणे, चालता चालता थबकणे, दाराशी जाऊन मागे वळून पाहणे किंवा खेळ सोडून एकदम दुसऱ्या खोलीत जाणे ही घाईची लक्षणे होत. लक्ष ठेवणे शक्य नसेल तेव्हा दाराला जाळी लावून एका खोलीपुरता वावर ठेवावा. बाल्कनीत कोंडणे हा त्यावरील पर्याय नाही. तिथे ऊन लागते, भुंकणे वाढते आणि बाल्कनी हेच शौचालय असा कुत्र्याचा समज होतो, जो पुढे मोडणे कठीण जाते.

शिक्षा : घाणीत नाक घासणे, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणे किंवा तासाभराने ओरडणे हे जुने उपाय अजूनही सांगितले जातात. कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणीच्या परिस्थितीशी जोडतो, आधी घडून गेलेल्या कृतीशी जोडू शकत नाही. मालक घरी येताच कान पाडून, नजर चुकवून बसलेला कुत्रा ‘आपली चूक जाणतो’ असे वाटते. परंतु अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की हा अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्याला दिलेला प्रतिसाद असतो, कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नव्हती याच्याशी त्याचा संबंध नसतो. मार खाल्लेला कुत्रा घरात लघवी न करायला शिकत नाही. माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे एवढेच शिकतो. मग तो बाहेरही मालकाच्या देखत मोकळा होत नाही आणि पलंगाखाली किंवा कपाटामागे लपून करतो. कृती चालू असतानाच दिसली, तर हलका आवाज करून त्याचे लक्ष वेधावे आणि शांतपणे बाहेर न्यावे, यापलीकडे काहीही करू नये.

स्वच्छता : वास उरला की कुत्रा त्याच कोपऱ्यात परततो. फिनेल माणसाच्या नाकाला वास झाकते, कुत्र्याच्या नाकाला नव्हे. शिवाय काळे फिनेल पायाला लागून चाटण्यात आले तर विषारी ठरते. लघवी कागदाने टिपून घ्यावी आणि ती जागा पाण्याने धुऊन विकरयुक्त (एन्झाइम असलेल्या) द्रवाने पुसावी. तो न मिळाल्यास पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर चालते. अमोनियायुक्त द्रव टाळावेत, कारण त्यांचा वास लघवीच्या वासाला जवळचा असतो.

चूक नसलेली लघवी : घरात झालेली प्रत्येक लघवी शिक्षणातील त्रुटी नसते. सोफ्याच्या पायावर किंवा पडद्यावर पाय उचलून सोडलेली थोडीशी धार ही हद्दीची खूण असते. नसबंदीनंतर ती बहुतेक नरांत कमी होते, पण जुनी सवय झाली असेल तर पूर्ण जात नाही. कोणी अंगावर वाकले किंवा मोठ्याने बोलले की काही कुत्री पोट टेकून लघवी करतात. ती शरणागतीची खूण असते. तिला रागावल्यास ती वाढते, आणि बाजूला बसून, नजर वळवून, हळू आवाजात बोलल्यास ती ओसरते. एकटे सोडल्यावरच घाण होत असेल, सोबत दार ओरबाडणे आणि रडणे असेल, तर मूळ कारण विरहाची भीती असू शकते. शिकलेला कुत्रा अचानक घरात करू लागला, वारंवार थोडी थोडी लघवी करू लागला किंवा जास्त पाणी पिऊ लागला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार तपासून घ्यावा. नसबंदी झालेल्या काही माद्यांना झोपेत नकळत लघवी होते. त्यावर औषधे उपलब्ध आहेत.

पावसाळा ही कोकण आणि मुंबईतील वेगळी परीक्षा. पोटाखाली पाणी उडू लागले की अनेक कुत्री पायरीवरूनच मागे फिरतात आणि पुढचे कित्येक तास रोखून धरतात. इमारतीखालच्या वाहनतळाला लागून असलेला मातीचा कोरडा पट्टा किंवा बाल्कनीतील माती भरलेला पसरट ट्रे पावसाआधीच ओळखीचा करून ठेवल्यास जून ते सप्टेंबरचे हाल टळतात. याच काळात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. हा रोग बाधित प्राण्याच्या लघवीतून माणसालाही होतो. त्यामुळे घरात झालेली लघवी हातमोजे घालून पुसावी आणि कुत्र्याला या रोगाची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी.

घरातील वावर : नव्या कुत्र्याला स्थिरावायला साधारण तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे टप्पे लागतात, असा आडाखा निवारागृहे सांगतात. तो काटेकोर नियम नसला, तरी घाई करणाऱ्या कुटुंबाला आवरायला चांगला आहे. पहिल्या दिवशी न खाणे, दिवसभर झोपणे किंवा टेबलाखालून न निघणे यात नवल नाही. नातेवाइकांना बोलावून कौतुक सोहळा करू नये. पळून जाण्याचा सर्वाधिक धोका याच काळात असतो. म्हणून गळपट्टा आणि छातीचा पट्टा असे दोन्ही घालून बाहेर न्यावे आणि गळपट्ट्यावर फोन क्रमांक असावा.

पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहते, ते त्याला जन्मभर परिचयाचे वाटते. रस्त्यावरच्या कुत्र्याने रिक्षा, बँड आणि गर्दी पाहिलेली असते, पण छतावरचा पंखा, आरसा, कुकरची शिट्टी आणि लिफ्ट पाहिलेली नसते. लिफ्टसमोर चारही पाय रोवून बसलेल्या कुत्र्याला ओढून आत नेले, तर तो दुसऱ्या दिवशी दारातूनच बाहेर पडत नाही, आणि दारातून बाहेर पडला नाही की शी-शूचे शिक्षण तिथेच अडते. लिफ्टचे दार उघडे धरून उंबऱ्यावर खाऊ टाकावा, तो खाऊन त्याला मागे येऊ द्यावे. मग खाऊ आत टाकावा, मग दार मिटून लगेच उघडावे आणि शेवटी एकच मजला चढावे. तोपर्यंत जिना वापरावा.

खाताना जवळ आलेल्यावर गुरगुरणे हे उपासमार पाहिलेल्या कुत्र्यात स्वाभाविक असते. भांडे हिसकावून ‘मालक कोण’ हे दाखवणे धोकादायक आहे. दुरून त्याच्या भांड्यात अधिक चांगला तुकडा टाकत गेले, तर माणसाचे जवळ येणे त्याला आवडू लागते. लहान मुलांना जेवत्या आणि झोपलेल्या कुत्र्यापासून दूर ठेवावे. दूध-पोळीवरच पोसण्याची पद्धत अपुरी आहे; भाकरी किंवा भाताबरोबर अंडी, चिकन अशी प्रथिने हवीत. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, म्हणून आमटी-रस्सा कालवलेला उरलेला भात देऊ नये. एकटे राहण्याची सवय मिनिटा-मिनिटाने वाढवावी आणि सर्वजण सुटीवर असताना आणलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ती पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावी.

कायदा व समाज : मुंबईत १९८५ पासून काम करणारी ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ आणि पुण्यातील ‘रेस्क्यू’ यांसारख्या संस्थांतून नसबंदी व रेबीजचे लसीकरण झालेली प्रौढ देशी कुत्री दत्तक मिळतात. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांकडून पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. फिरवताना पट्टा लावणे आणि विष्ठा उचलणे यांची अपेक्षा मात्र कुत्रा पाळणाऱ्यांकडून केलेली आहे आणि शेजाऱ्यांशी होणारे निम्मे वाद तेवढ्याने मिटतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या ११व्या कलमान्वये आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हे गुन्हे आहेत. सवय लागत नाही म्हणून कुत्र्याला पूर्वीच्या रस्त्यावर नेऊन सोडणे याच तरतुदीत बसू शकते. शिवाय काही महिने फ्लॅटमध्ये राहिलेल्या कुत्र्याला तिथली टोळी पुन्हा आत घेईलच असे नसते.

वार्धक्य : नीट शिकलेली कुत्रीही दहा-बारा वर्षांची झाली की कधी कधी घरात घाण करू लागतात. सांधेदुखीमुळे उठायला वेळ लागतो, मूत्राशयावरील ताबा कमी होतो, आणि काहींत मेंदूच्या झिजेमुळे दाराची बाजू किंवा रात्र-दिवसही उमगेनासे होतात. तपासणी करून दुखण्यावर औषध द्यावे, निसरड्या फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून दारापर्यंत रबरी चटया अंथराव्यात, अंथरुणाखाली मेणकापड घालावे आणि बाहेर नेण्याच्या फेऱ्या पुन्हा पहिल्या आठवड्याइतक्या वाढवाव्यात.