लॅपटॉपची निवड (मराठवाडा)

लॅपटॉपची निवड म्हणजे ऑफिसचं काम, शिक्षण, गेमिंग नाहीतर साधा घरगुती वापर, यातलं आपल्याला नेमकं काय करायचंय ते बघून मशीन ठरवणं. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांत हा निर्णय शक्यतो एकटा माणूस घेत नाही. लेकराचा इंजिनिअरिंगला नंबर लागला की वडील दुकानदाराला विचारतात, दुकानदार जे शिल्लक आहे ते दाखवतो, मग पुण्यात कंपनीत असलेल्या चुलतभावाला फोन जातो आणि तो तिकडून "आय फाईव्ह (प्रोसेसर) घे, सोळा जीबी (रॅम) घे, बाकी काही बघू नको" म्हणून मोकळा होतो. सल्ला चुकीचा नसतो, अर्धा असतो, कारण तो एसीत बसून दिलेला असतो. इथं मशीन पत्र्याखाली चालणार, धुळीत चालणार, लाईट गेल्यावर चालणार आणि बिघडलं तर पिशवीत घालून एसटीनं जिल्ह्याला न्यावं लागणार. म्हणून लॅपटॉप कुठं बसणार आणि दुरुस्त कोण करणार हे आधी, प्रोसेसर नंतर, असा या नोंदीचा कल आहे.

ऊन, धूळ आणि लाईट

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते जी कुणी वाचत नाही, ती म्हणजे वापराचं तापमान. बहुतेक कंपन्या तिथं ३५ अंशांची मर्यादा लिहितात, ॲपल मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस देतं. आता परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून वाईट हाल असतात, म्हणजे उन्हाळाभर आपलं मशीन कंपनीनं आखलेल्या हद्दीच्या बाहेरच काम करत असतं. प्रोसेसर आतून ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. लोकांना वाटतं व्हायरस आला. मग फॉरमॅट मारून आणतात, पैसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला परत तेच, सकाळी सहाला मात्र तोच लॅपटॉप कसा पळतोय बघा.

यामुळं इथं घेताना हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते हे मशीन उलटं करून बघावं. बहुतेकांची जाळी खालून असते, म्हणजे वाकळीवर किंवा गादीवर ठेवून पिक्चर बघितला की त्याचं नाक दाबल्यासारखं होतं. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का तेही विचारावं, कारण फुफाट्याच्या गावात वर्षातून एकदा फॅन साफ करावाच लागतो आणि दर ३-४ वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलली तर फरक लगेच कळतो. २०२० च्या एम वन चिपपासून पुढच्या मॅकबुक एअरला फॅनच नाही, त्यामुळं धूळ ओढायचा प्रश्न मिटला, पण लई वेळ जड काम दिलं तर तोही मंदावतो. आणि कूलर! कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवू नये. गार वाटतं खरं, पण ती हवा ओली असते आणि कधीकधी बारीक तुषारही येतात, कीबोर्ड गेल्यावर मग कळतं.

बॅटरीचं बघताना "१० तास बॅकअप" या स्टिकरवर जाऊ नका, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा, बघा. ४२ वॉट-अवर आणि ६० वॉट-अवर यात लाईट गेल्यावर सरळ दीड-दोन तासांचा फरक पडतो. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि सारखं १०० टक्के भरून ठेवणं, आणि आपण उन्हाळ्यात दोन्ही एकदम करतो. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करून ठेवावी, ज्या फीडरवर रोजच लाईट जाते तिथं मात्र १०० च बरं. चार्जर १०० ते २४० व्होल्ट खातो म्हणून कमी दाबाची तेवढी चिंता नाही, अचानक चढलेल्या दाबाची आहे. धातूच्या बॉडीवर हात ठेवल्यावर झिणझिण्या येत असतील तर लॅपटॉप खराब नाही, बहुतेक वेळा घराचं अर्थिंग नाही किंवा तीन पिनेचा चार्जर दोन पिनेच्या बोर्डात कोंबलेला असतो. अजून एक, लाईट गेल्यावर लॅपटॉप चालतो पण वायफायचा डबा बंद पडतो, हे घेताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

प्रोसेसरचं नाव कसं वाचायचं

"आय फाईव्ह हाय का?" हा प्रश्न दुकानदाराला लई आवडतो, कारण उत्तर कायम हो असतं. सातव्या पिढीच्या आय सेव्हन ७५००यू मध्ये फक्त २ कोअर (काम करणारे भाग) होते आणि बाराव्या पिढीच्या आय थ्री १२१५यू मध्ये ६ आहेत, म्हणजे तीन आणि सात यापेक्षा त्याच्या पुढचा आकडा महत्त्वाचा. त्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते, ८२५० म्हणजे आठवी, १२१५ म्हणजे बारावी. शेवटचं अक्षर यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जोराचा आणि गरम होणारा. २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलनं कोअर अल्ट्रा नावाची मालिका आणली आणि आय हे अक्षर हळूहळू काढून टाकलं, त्यामुळं आता "आय फाईव्ह" मागितल्यावर जुना माल हातात पडायची शक्यता वाढलीय.

एएमडीचं कोडं याहून भारी. रायझन फाईव्ह ७५२०यू हे नाव वाचून २०२३ चा ताजा प्रोसेसर वाटतो, निघाला मात्र तो २०२२ च्या सप्टेंबरला, आणि त्या नंबरातला तिसरा आकडा २ म्हणजे आतली रचना झेन टू, जी २०१९ ची आहे. नवीन पत्र्यावर जुनं इंजिन. ऑनलाईन सेलमध्ये "रायझन फाईव्ह, स्वस्तात" म्हणून जे लॅपटॉप खपतात त्यात हा लई असतो. ब्राउझर आणि वर्डला चालतो, पण यात रॅम बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, ते जास्त डाचतं.

रॅमचं, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीचं, थोडक्यात. ८ जीबीत विंडोज अकरा आणि क्रोमचे दहा टॅब एवढंच मावतं, चार-पाच वर्षं वापरायचा तर १६. मोकळा स्लॉट आहे का हे छापील कागदावर बघावं, तोंडी नको. ८ ची एकच पट्टी असण्यापेक्षा दोन पट्ट्या असल्या तर ग्राफिक्सला वेग मिळतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, एआयच्या सर्व्हरला सगळा माल जातोय, म्हणून "नंतर टाकू" हा हिशोब आता महागात पडू शकतो. फाईली साठवायला एसएसडी (फिरणारी चकती नसलेली वेगवान डिस्क) हवीच, हार्डडिस्कवर विंडोज चालवणं म्हणजे बैलगाडीला हेडलाईट लावण्यासारखं. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दाखवते, ते मोजायच्या पद्धतीमुळं, दुकानदारानं चोरलेली नसते. माझ्याच पहिल्या लॅपटॉपला एक टीबीची हार्डडिस्क होती, एक टीबी ऐकूनच घेतला, चालू व्हायला चहा उकळून पिऊन व्हायचा.

कुणाला काय लागतं

सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला ताकद नको, भोकं पाहिजेत. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर, माऊस, हे सगळं जुन्या चौकोनी यूएसबीत जातं, आणि नवीन पातळ लॅपटॉपला कधीकधी दोनच पोर्ट, तेही टाईप-सी. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला रांग दारापर्यंत असते आणि साईटच लोळत असेल तर आय नाईन घेऊनही फॉर्म भरत नाही, त्यामुळं इथं पैसे प्रोसेसरवर घालण्यापेक्षा चांगल्या इन्व्हर्टरवर आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर घातलेले बरे. आडतीवर, कृषी सेवा केंद्रात किंवा सीएच्या ऑफिसात टॅली चालते आणि टॅली प्राईम विंडोजवरची आहे, क्रोमबुक किंवा मॅक घेऊन बसलात तर जुगाड करत बसाल. आकडे भरणाऱ्यानं १५.६ इंची आणि उजवीकडं नंबरपॅड असलेलाच घ्यावा. मराठी टाईप करणाऱ्यांनी एक बघावं, युनिकोड इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये फुकट असतंच, पण जुन्या फॉन्टात काम करणाऱ्या छापखान्याशी देवाणघेवाण असेल तर त्या फॉन्टाचं सॉफ्टवेअर नवीन विंडोजवर चालतंय का ते आधी तपासावं.

लातूरला नीटच्या तयारीला आलेल्या लेकराला लॅपटॉप लागत नाही. हे स्पष्टच लिहितो. व्हिडिओ लेक्चर आणि पीडीएफला टॅब पुरतो, खोलीत जागाही तेवढीच असते, लॅपटॉपचे पैसे बारावीनंतरसाठी ठेवावेत.

इंजिनिअरिंगमध्ये ब्रँच बघून ठरतं. कॉम्प्युटरवाल्याला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी प्रोसेसर बास, ग्राफिक्स कार्ड लागेलच असं नाही. मेकॅनिकल आणि सिव्हिलला ऑटोकॅडचं टू-डी ड्रॉईंग साध्या ग्राफिक्सवर होतं, पण वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत डिझाईनला जायचं म्हणून सॉलिडवर्क्स शिकणाऱ्याला वेगळं कार्ड असलेलं बरं, आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर आहे. "अभ्यासाला पाहिजे पप्पा" म्हणून घेतलेले गेमिंग लॅपटॉप सगळेच खोटे नसतात.

गेमिंगचं मग आलंच. आधी एक गैरसमज, बीजीएमआय हा मोबाईलचा गेम आहे, त्यासाठी ८० हजारांचा लॅपटॉप घेऊ नये. व्हॅलोरंटसारखा हलका गेम साध्या कार्डावरही पळतो, फक्त विंडोज अकरावर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. जड गेमसाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स हे ग्राफिक्स कार्ड घेताना नाव सारखं आणि ताकद वेगळी हा प्रकार समजून घ्यावा. लॅपटॉपातलं आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कसंही बसवलेलं असतं, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) सगळ्यांत ६ जीबीच, पण पातळ मॉडेलातलं कमी वॉटचं कार्ड जाड मॉडेलातल्याच्या मागं पडतं. हा वॉटचा आकडा डब्यावर शक्यतो नसतो, कंपनीच्या साईटवर शोधावा लागतो. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर विटेएवढा अडॅप्टर, तोही कित्येकदा १८० वॉटच्या पुढचा. लाईट गेल्यावर तो घरच्या इन्व्हर्टरवर लावला की पंखे आणि दिवे लवकर मान टाकतात आणि मग आईचं ऐकून घ्यावं लागतं. बॅटरीवर गेम खेळायचा म्हटलं तर वेग निम्म्यावर येतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा छंद रात्री दहानंतरचा.

स्क्रीन आयपीएस असावी, तिरकं बघितल्यावर रंग पालटतात ती टीएन, टाळावी. २५० निट्सची (निट म्हणजे उजेडाचं माप) स्क्रीन ओट्यावर किंवा गच्चीत बसून दिसत नाही, ३०० च्या वर बघा.

सेकंडहँड आणि रिफर्बिश (दुरुस्त करून परत विकलेले)

मोठ्या कंपन्यांतून ३-४ वर्षं वापरून बाहेर पडलेले डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक हे ऑफिसचे लॅपटॉप मुंबई-पुणे आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसवरून इकडं येतात. कमी बजेटला हा माल नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा मजबूत असतो हे माझं ठाम मत आहे, कीबोर्ड चांगला, झाकण सहज उघडतं, पार्ट मिळतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला आणि विंडोज अकरा इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच अधिकृतपणे चालतं, त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीचे ढीग बाजारात ओतले गेलेत. आय सेव्हन लिहिलेला, पॉलिश केलेला, भाव बघून जीव हुरळतो. तो विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकणार असाल तरच घ्या.

बघायचं काय, तर विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता ताडून बघायची. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला, जुन्या कंपनीचा पासवर्ड तर नाही ना हे तिथंच मशीन परत चालू करून, बायोसमध्ये शिरून पाहायचं, कारण तो काढणं पुढं डोकेदुखी होते. सगळे पोर्ट, सगळ्या कळा, कॅमेरा, स्पीकर, लाज न बाळगता दुकानातच तपासायचं.

बिल, वॉरंटी आणि सोयाबीन

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर कमी करतो" ही ऑफर ऐकायला गोड, पण पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीचा वाद झाला तर हातात काहीच नसतं, आणि घेणाऱ्याचं दुकान जीएसटीत असेल तर इनपुट क्रेडिटही (भरलेल्या जीएसटीची वजावट) बुडतं. सिरीयल नंबर पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या साईटवर टाकून बघावा, डिस्प्लेला ठेवलेल्या पीसची वॉरंटी कधीकधी आधीच सुरू झालेली असते. डॉसवाला स्वस्त लॅपटॉप म्हणजे विंडोज नसलेला, मग दुकानदार जे "टाकून देतो" ते चोरीचं असतं.

वॉरंटी ऑनसाईट (इंजिनिअर घरी येणार) आहे का कॅरी-इन (आपण सेंटरला न्यायचं) हे विचारताना आपला पिनकोड सांगून विचारा. ऑनसाईट लिहिलेलं असतं, पण तालुक्याच्या गावाला इंजिनिअर कधी येईल हे वेगळं. दोन मॉडेल तुल्यबळ असतील तर ज्याचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे ते घ्यावं, एखाद्या हजाराचा फरक दोन चकरांत निघतो.

राहिला पैशाचा विषय. ॲडमिशन ऑगस्टात होतं आणि सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापूस त्याच्याही मागून, त्यामुळं मधले दोन-तीन महिने ईएमआयचे. नो-कॉस्ट म्हणतात त्यात बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी खिशातूनच जातो, पण दिवाळी सेलपर्यंत कॉलेजच्या लॅबवर धकवणारी पोरं दोन्ही वाचवतात, सेलची सूटही घेतात आणि तोवर सीनियरच्या लॅपटॉपवर हात फिरवून आपल्याला खरं काय लागतंय तेही बघून ठेवतात.