बाविसाव्या आठवड्यातला मेंदू गुळगुळीतच असतो

जत, आटपाडीकडच्या एखाद्या गरोदर बाईच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘व्हेंट्रिकल ११ मिमी’ असं आलं, की घरात एकच वाक्य फिरतं: बाळाच्या डोक्यात पाणी झालंय. मग मिरजेला किंवा सांगलीला जाऊन पोटातल्या बाळाचा एमआरआय करायची चिठ्ठी मिळते.

पाणी तर प्रत्येकाच्याच डोक्यात असतं. मेंदूच्या आत पाण्याने भरलेले कप्पे असतात, तेच व्हेंट्रिकल. बाजूच्या कप्प्याची रुंदी मागच्या बाजूला, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, बरोबर काटकोनात मोजायची. माप तिरकं घेतलं की एखादा मिलिमीटर फुकटचा वाढतो. १० मिमीच्या आत ठीक, १० ते १२ सौम्य, १५ च्या पुढे गंभीर. नुसतं ११ असेल आणि दुसरा काही दोष नसेल, तर बहुतेक मुलं पुढे व्यवस्थित वाढतात. दुसरा दोष खरंच नाही ना, हे बघायला एमआरआय.

सोनोग्राफीच्या लहरी हाडाला अडखळतात. कवटी घट्ट होत जाते तसा मेंदूचा प्रोबकडचा (पोटावर फिरवायच्या उपकरणाच्या बाजूचा) अर्धा भाग धुरकट दिसू लागतो. एमआरआयला हाडाची अडचण नाही. ब्रिटनमधल्या ‘मेरिडियन’ अभ्यासात (२०१७) सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के, तर एमआरआयचं ९३ टक्के वेळा बरोबर ठरलं. मात्र हे सगळे गर्भ आधीच सोनोग्राफीत संशय आलेले होते. ‘सगळं ठीक आहे ना’ एवढ्यासाठी एमआरआय करण्यात अर्थ नाही.

अडचण एकच, बाळ हलतं. नेहमीच्या एमआरआयमध्ये चित्रांच्या एकेका मालिकेला काही मिनिटं लागतात आणि पेशंटने स्तब्ध पडून राहायचं असतं. पोटातल्या बाळाला ते कोण सांगणार? म्हणून इथे ३-४ मिमी जाडीचा एकेक काप, म्हणजे मेंदूच्या एका चकतीचं चित्र, सेकंदाच्या आत टिपतात. काप स्वच्छ येतो, पण पुढच्या कापापर्यंत डोकं वळलेलं असतं. भाकऱ्यांच्या चळतीतली प्रत्येक भाकरी थोडी सरकलेली असावी, तशी ती मालिका दिसते. त्यामुळे तंत्रज्ञ आडवे, उभे आणि समोरचे काप घेताना पुढची दिशा शेवटच्या चित्रावरून ठरवतो. सुरुवातीच्या चित्रावर विसंबला तर काप तिरका जातो आणि दोन्ही अर्धगोल असमान वाटतात. संशोधनात अशा अनेक मालिका घेऊन संगणक प्रत्येक कापाची खरी जागा शोधतो आणि सुमारे एक मिलिमीटर बारकाव्याचा त्रिमितीय मेंदू जुळवतो.

आईसाठी तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची. आधी लघवीला जाऊन यावं. उताणं पडून चक्कर आली तर डाव्या कुशीवर झोपवतात, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो. क्ष-किरण यात नसतात. चित्र उठावदार करणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन टाळतात. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. साडीच्या पिना, केसांचे आकडे, दंडातला ताईत, मंगळसूत्र, जोडवी सगळं बाहेर ठेवायचं. लोखंडी पिन चुंबकाकडे खेचली जाते. चांदीची जोडवी खेचली जात नाहीत, पण तापू शकतात. मुलगा की मुलगी हे इथेही सांगता येत नाही, कायदा तोच.

आता चित्र वाचायचं. पाणी पांढरं दिसतं. बाविसाव्या आठवड्याच्या आसपास मेंदूच्या भिंतीत तीन पट्टे ओळखू येतात: बाहेर कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात वरच्या थराची, बारीक काळी रेघ, तिच्याखाली पाणीदार, उजळ आणि रेघेपेक्षा कितीतरी जाड ‘सबप्लेट’, आणि आत कप्प्याला लागून नव्या पेशी जिथे तयार होतात तो गडद पट्टा. सबप्लेट म्हणजे येणाऱ्या चेतातंतूंचा थांबा; कॉर्टेक्समध्ये जागा होईपर्यंत ते इथे वाट बघतात. पुढे हा थर विरून जातो. हेच थर पेशींच्या पातळीवर बघायचे तर आयआयटी मद्रासने डिसेंबर २०२४ मध्ये खुला केलेला गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ नकाशा आहे, ५,१३२ कापांचा.

बाविसाव्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. मधली मोठी घडी सव्विसाव्याच्या आसपास दिसू लागते. चौतिसाव्यापर्यंत घड्यांची गर्दी होते. तोच गुळगुळीत मेंदू तिसाव्या आठवड्यात दिसला तर तो आजार. म्हणून विसाव्याच्या आत एमआरआय करून फारसं हाती लागत नाही. उशीर करावा तर कायदा आडवा येतो: २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गंभीर दोषासाठी गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. विसाव्याची सोनोग्राफी आणि बाविसाव्याचा एमआरआय एवढीच फट उरते.

आणि आठवडाच चुकला तर? ‘गौरी-गणपतीच्या आसपास पाळी चुकली’ एवढ्यावर दिवस मोजले की दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतात, आणि चांगला मेंदू मागे पडलेला वाटतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून, म्हणजे रिपोर्टवरच्या ‘सीआरएल’वरून, काढलेलं वय पाच-सात दिवसांच्या फरकात बरोबर असतं. पाचव्या महिन्यात तो फरक दहा दिवसांवर जातो, शेवटी तीन आठवड्यांवर. मिरजेला निघताना फाइलच्या तळाशी असलेला तो पहिला चुरगळलेला कागद सगळ्यात वर ठेवावा.