संत्र्यानं सर्दी होत नाही

डिसेंबरात नागपूरच्या बर्डी बाजारात हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागतात आणि घराघरांतून आजीचा हुकूम सुटतो: "लेकराला संत्रं देऊ नका, छातीत कफ होईल." संत्र्यांच्या नागपुरातच लेकरांना संत्रं बंद!

गोंधळ होतो तो हंगामामुळे. आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या फुलोऱ्याचा, माल नेमका थंडी पडता पडता बाजारात येतो आणि सर्दीच्या विषाणूंचा जोरही तेव्हाच असतो. दोन्ही एकदमच येतात, दोष मात्र संत्र्याला. सर्दी विषाणूनं होते. बालवाडीत एकाचं नाक गळत असलं की खेळण्यांवरून, हातांवरून ती दुसऱ्याकडे जाते. तीन-चार वर्षांच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. संत्रं बंद करण्यापेक्षा घरी आल्या आल्या साबणानं हात धुवायला लावा.

उलट बाजूही सांगतो. क जीवनसत्त्व भरपूर असलं तरी संत्रं खाल्लं म्हणून सर्दी टळत नाही. घसा आधीच सोलवटलेला असेल तर आंबट फोड झोंबते, तेवढ्यापुरतं थांबा.

जपायचं ते बियांना. फोडीचं पापुद्र्यासारखं साल काढा, बिया काढा, लहान तुकडे करा आणि लेकराला बसवून खाऊ घाला. पळता पळता बी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं. रस काढून देण्यापेक्षा फोडीच बऱ्या. रस काढताना चोथा निघून जातो, गोडी तेवढी उरते.