खोकला आधी, जंत नंतर

जंतांचा खोकला म्हटलं की शौच तपासणी सांगितली जाते. रिपोर्टमध्ये 'अंडी आढळली नाहीत' असं येतं आणि जंतांचा विषय तिथेच संपतो. हीच चूक.

गोल जंताची (अ‍ॅस्केरिस) अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा मातीच्या हातांतून पोटात जातात. लहान आतड्यात त्यांतून अळ्या निघतात, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि यकृतामार्गे साधारण आठवडा-दोन आठवड्यांत फुप्फुसात पोहोचतात. तिथून श्वासनलिकेतून घशाशी चढतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात वाढतात. मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. म्हणजे खोकला असतो तेव्हा शौचात काही सापडणारच नाही. 1922 मध्ये कोइनो या जपानी डॉक्टरांनी स्वतः सुमारे 2000 अंडी गिळली आणि पुढे स्वतःच्याच बेडक्यात अळ्या पाहिल्या. अनुकरण नको!

अळ्या फुप्फुसात असताना दिसणारी लक्षणं: कोरडा खोकला, छातीत घरघर, धाप, छातीच्या मधोमध जळजळ, थोडा ताप, कधी अंगावर पित्त उठणं, क्वचित बेडक्यात रक्ताची रेघ. बहुतेकांचं आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरतं, त्यामुळे दमा किंवा न्यूमोनिया समजून विसरलंही जातं.

निदानाचा पहिला धागा साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत मिळतो. समजा एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी 11,000 आणि त्यांतल्या इओसिनोफिल (जंत किंवा अ‍ॅलर्जी असताना वाढणाऱ्या पेशी) 22 टक्के. गुणाकार केला की 2,420. एरवी हा आकडा 500 च्या आत असतो. टक्केवारीवर न थांबता हा गुणाकार करावाच. एक्स-रेत पुसट गोलसर डाग दिसतात आणि आठवड्याने पुन्हा काढला तर ते जागा बदललेले किंवा नाहीसे झालेले असतात. क्षयाचे डाग असे फिरत नाहीत.

पक्का पुरावा म्हणजे बेडक्यात अळी. पण ती नेहमी सापडत नाही. लहान मुलं बेडका गिळतात, म्हणून त्यांच्या जठरातलं पाणी सकाळी उपाशीपोटी नळीने काढून तपासतात.

आपल्याकडे हत्तीरोगाच्या जंतांमुळेही असाच खोकला येतो. तो रात्री जास्त, आठवडेच्या आठवडे टिकणारा, आणि इओसिनोफिल बहुधा 3,000 च्या वर. त्याचं औषध वेगळं. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत असेल तर दमा समजून दिलेलं स्टेरॉइड जिवावर बेतू शकतं, म्हणून ते सुरू करण्याआधी ही शंका फेडून घ्यावी.

अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी आतड्यातल्या जंतांवर चालते, फुप्फुसातल्या अळ्यांवर तिचा भरवसा नाही. म्हणून खोकला थांबल्यावर दोन-तीन महिन्यांनी शौच तपासणी पुन्हा करावी. अंडी दिसायची असतील तर तेव्हा दिसतात.