गाणं सांध्यात बिघडतं

फोनला ऑक्स केबल लावली, तिचं दुसरं टोक गाडीच्या स्टिरिओत खोचलं आणि गाणं छान लागलं. थोड्या वेळाने फोनची बॅटरी उतरली म्हणून चार्जरही जोडला, आणि गाण्यामागून एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढते, पाय काढला की उतरते. गाणं थांबवलं तरी ती थांबत नाही. अशा वेळी काही जण स्पीकरला दोष देतात, काही जण फोनला. बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात. फोनमधलं गाणं गाडीत वाजवताना बिघडतं ते या दोघांच्या मधल्या सांध्यात. तो सांधा काय काम करतो हे कळलं, तर नवीन काही विकत न घेताही आवाज कितीतरी सुधारता येतो.

आधी या शिळेचाच माग काढू. ती येते अल्टरनेटरमधून. इंजिनच्या बेल्टवर फिरणारं हे यंत्र बॅटरी चार्ज करतं आणि गाडीतली विजेची उपकरणं चालवतं. त्यात तयार होणारी वीज तीन फेजची एसी असते आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारे सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी बॅटरीच्या डीसीसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर घ्या. त्याच्या एका फेऱ्यात विजेची ६ आवर्तनं होतात आणि प्रत्येक आवर्तनामागे ६ लहरी उरतात, म्हणजे फेऱ्यामागे ३६. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं चालू आहे आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरतो आहे असं धरलं, तर अल्टरनेटरचे मिनिटाला २,००० फेरे होतात, सेकंदाला सुमारे ३३. त्याला ३६ ने गुणलं की १,२०० हर्ट्झ. इंजिन २,४०० फेऱ्यांवर गेलं की हीच शीळ ३,६०० हर्ट्झवर पोचते. माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे गाडी चालू लागली की शीळ नेमकी कानाच्या सर्वांत हळव्या जागी जाऊन बसते.

पण या लहरी तर गाडीच्या वायरिंगमध्ये कायमच असतात. मग चार्जर लावल्यावरच त्या गाण्यात कशा शिरतात? गाडीत सगळ्या उपकरणांचा निगेटिव्ह म्हणजे गाडीची धातूची बॉडी. स्टिरिओचं अर्थिंग बॉडीला एका ठिकाणी जोडलेलं असतं, चार्जरच्या सॉकेटचं दुसऱ्या ठिकाणी. दिवे, पंखा, अल्टरनेटर यांचा मोठा प्रवाह याच बॉडीतून परतत असल्यामुळे त्या दोन ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक राहतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण चार्जर आणि ऑक्स केबल दोन्ही लावल्या की चार्जरचा निगेटिव्ह, फोन, ऑक्स केबलचं बाहेरचं जाळीचं आवरण आणि स्टिरिओ असा एक नवा रस्ता तयार होतो. बॉडीतला थोडा प्रवाह त्या रस्त्यानेही वाहू लागतो. गाण्याच्या सिग्नलचा परतीचा रस्ताही हेच आवरण आहे. आवरणाचा रोध ०.०५ ओहम आणि त्यातून जाणारा प्रवाह १०० मिलिअँपिअर धरला, तर ५ मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतात. गाण्याचा सिग्नल असतो साधारण ३०० मिलिव्होल्ट. जोरकस ठेक्यात हे ५ मिलिव्होल्ट लपून जातात, आलापात किंवा दोन गाण्यांमधल्या शांततेत मात्र उघडे पडतात.

याची परीक्षा सोपी आहे. चार्जर उपटा. शीळ गेली तर दोष या वळशाचा, ज्याला ग्राउंड लूप म्हणतात. नाही गेली तर स्टिरिओचं स्वतःचं अर्थिंग सैल किंवा गंजलेलं आहे का, ते वायरिंगवाल्याकडून तपासून घ्यावं. ग्राउंड लूपवर पहिला उपाय फुकटचा: गाडीत बसण्याआधीच फोन चार्ज करून ठेवायचा. दुसरा उपाय म्हणजे ऑक्स केबलच्या मध्ये लावायचा छोटासा ग्राउंड लूप आयसोलेटर. त्याच्या आत डाव्या-उजव्या आवाजासाठी एकेक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. एका कॉइलमधून गाणं चुंबकीय लहरींच्या रूपाने दुसऱ्या कॉइलमध्ये उतरतं, पण तारेला तार जोडलेली नसल्यामुळे तो नवा रस्ताच तुटतो. फार छोटा आयसोलेटर घेऊ नये, कारण त्याचा लोखंडी गाभा खर्जाच्या सुरांना पुरत नाही आणि तबल्याचा डग्गा पोकळ वाटू लागतो.

तारेला तार न लावता एका कॉइलमधून दुसरीत गाणं उतरवण्याची हीच युक्ती कॅसेट ॲडॅप्टरमध्ये आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात तिच्याइतकी देखणी युक्ती दुसरी नाही. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट पुढे कित्येक वर्षं गाड्यांच्या स्टिरिओत नांदली. त्यातल्या पुष्कळ स्टिरिओंना ऑक्सचं भोकच नव्हतं. त्यांच्यासाठी केलेला हा ॲडॅप्टर बाहेरून हुबेहूब कॅसेट दिसतो, फक्त एका कोपऱ्यातून वायर निघालेली असते.

खऱ्या कॅसेटमध्ये ३.८१ मिलिमीटर रुंदीची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या, हेडसमोरून सरकते. टेपवरचं चुंबकत्व बदलत जातं तसा हेडच्या कॉइलमध्ये सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होतो. हेडला टेप दिसत नाही, त्याला कळतं फक्त बदलतं चुंबकीय क्षेत्र. म्हणून ॲडॅप्टरमध्ये टेपच्या जागी दुसरं एक हेडच बसवलेलं असतं, डेकच्या हेडला अगदी टेकून. फोनमधून आलेला सिग्नल त्याच्या कॉइलमधून वाहतो, क्षेत्र डोलतं, आणि समोरचं हेड ते टेपवरचं गाणं समजून उचलतं. टेपच नसल्यामुळे टेपची खरखरही येत नाही.

अडचण येते ती बाकीच्या यंत्रणेची. टेपची चक्रं फिरायची थांबली की बऱ्याच डेकना वाटतं टेप संपली, आणि ते कॅसेट बाहेर फेकतात किंवा बाजू बदलतात. म्हणून ॲडॅप्टरमध्ये दोन्ही चक्रं एकमेकांना जोडणारे प्लॅस्टिकचे दाते असतात. टेप नाही, पण चक्रं इमानेइतबारे फिरत राहतात. जुन्या ॲडॅप्टरमधून येणारी टकटक या झिजलेल्या दात्यांची असते. एकाच बाजूचा आवाज दबला असेल तर हेड समोरासमोर नीट बसलेली नाहीत असं समजावं. स्टिरिओ कॅसेटच्या टेपवर डाव्या-उजव्या आवाजाचा प्रत्येक पट्टा जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे केसभर सरकलेलं हेडही जाणवतं. कॅसेट काढून पुन्हा हलक्या हाताने बसवली तर बरेचदा काम होतं. आणखी एक: डेकवर डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवावं. डॉल्बी पद्धतीने रेकॉर्ड केलेल्या टेपची खरखर काढण्यासाठी ते मंद, उंच सूर दाबतं. फोनमधलं गाणं तसं रेकॉर्ड केलेलं नसतं, त्यामुळे त्याची चमकच निघून जाते.

ऑक्सही नाही आणि कॅसेटही नाही अशा स्टिरिओसाठी एफएम ट्रान्समीटर असतो. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो चिमुकलं रेडिओ स्टेशन चालवतो. खऱ्या स्टेशनांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून त्याची ताकद कायद्याने अगदी कमी ठेवलेली असते. युरोपात ती मर्यादा ५० नॅनोवॉट आहे. एफएमचा एक स्वभाव असा की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर रिसीव्हर बलवत्तर सिग्नल धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. त्यामुळे दूरच्या, क्षीण स्टेशनवर आपला ट्रान्समीटर सहज मात करतो, पण त्या स्टेशनच्या जवळ गेलो की गाणं एकदम गायब होऊन निवेदक बोलू लागतो. रिकामी फ्रिक्वेन्सी शोधताना शेजारच्या दोन्ही बाजूही रिकाम्या आहेत ना, हे पाहावं. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर पाठवतच नाहीत, कारण १९ किलोहर्ट्झवर स्टिरिओचा इशारा देणारा पायलट सूर असतो. मला हा पर्याय नाइलाजाचा वाटतो.

ऑक्स, कॅसेट ॲडॅप्टर किंवा एफएम, कशानेही जोडलं तरी दोन ठिकाणी व्हॉल्यूम असतो, फोनवर आणि स्टिरिओवर. बरेच जण फोन अर्ध्यावर ठेवतात आणि स्टिरिओ चढवतात. ऑक्ससाठी हे उलटं हवं. सांध्यात आणि स्टिरिओच्या आत शिरणारी खरखर ठरावीक असते, फोनवरच्या बटणाशी तिचा संबंध नाही. गाणं सांध्यापर्यंत दमदार पोचलं तर खरखर त्याच्या खूप खाली राहते. अशक्त पोचलं तर स्टिरिओ चढवताना गाण्याबरोबर खरखरही चढते. फोन ८०-९० टक्क्यांवर ठेवावा, आवाज फाटायला लागला तर थोडा उतरवावा, आणि पुढचं कमी-जास्त स्टिरिओवरून करावं. एफएम ट्रान्समीटरला मात्र इतकं भरू नये. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी फ्रिक्वेन्सी जास्त हलते, आणि ती ठरलेल्या ७५ किलोहर्ट्झच्या पलीकडे हलली की आवाज चिरकतो.

ब्लूटूथने हे बरंच सोपं केलं. शिळेचा प्रश्न इथे उद्भवत नाही, कारण फोन आणि स्टिरिओ यांच्यात तारच नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि तिथे वाय-फायसारख्या अनेकांची गर्दी असते. म्हणून गाणं पाठवणारं ब्लूटूथ ७९ चॅनलांमधून सेकंदाला जास्तीत जास्त १,६०० वेळा उड्या मारत राहतं. एका चॅनलवर गोंधळ असला तरी पुढच्या क्षणी ते दुसरीकडे असतं. उड्या मारणाऱ्या फ्रिक्वेन्सीचं एक पेटंट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये मिळालं होतं. रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोचे संदेश शत्रूला अडवता येऊ नयेत यासाठी आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रांच्या कागदी पट्ट्या वापरून ८८ फ्रिक्वेन्सींवर उड्या मारायची त्यांची कल्पना होती. पियानोवर बोटांनी दाबायच्या पट्ट्याही ८८च.

ब्लूटूथवर गाणं पुन्हा एकदा दाबलं जातं, म्हणजे कमी आकड्यांत बसवलं जातं. सीडीवरच्या संगीताला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथची मूळ एसबीसी पद्धत चांगल्या दर्जालाही साधारण ३२८ किलोबिटमध्ये भागवते. फोनमधली एमपीथ्री आधीच दाबलेली असते, ती उलगडून पुन्हा दाबली जाते. यावर वाद घालणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की वेगाने धावणाऱ्या गाडीत आतच ६५ ते ७० डेसिबल आवाज असतो, आणि टायरांची घरघर खर्जाचे सूर झाकून टाकते. या आवाजात एसबीसी आणि तिच्याहून सरस पद्धत यांतला फरक कानाला सापडणं फार कठीण. गाडी उभी असताना तो ऐकू येऊ शकतो.

कॉल येतात पण गाणं मात्र फोनमध्येच वाजत राहतं, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. ब्लूटूथमध्ये कॉल आणि संगीत यांच्या वाटा वेगळ्या आहेत. काही जुन्या स्टिरिओंमध्ये फक्त कॉलचीच वाट असते, त्यांच्याकडून गाण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. नव्या स्टिरिओत असं झालं तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या गाडीच्या नावासमोर ‘मीडिया’ चालू आहे का ते पाहावं.

आता नव्या फोनांविषयी. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि नंतर इतर कंपन्यांनीही तेच केलं. अशा फोनला ऑक्स लावायची तर छोटा डोंगल लागतो. आकड्यांतल्या गाण्याची विजेची लहर करणारी चिप, म्हणजे डॅक, काही डोंगलमध्ये असते. काहींमध्ये नुसत्या तारा असतात, कारण काही फोन यूएसबी-सीच्या पिनांवरूनच तयार लहर बाहेर काढतात. नुसत्या तारांचा डोंगल अशी लहर बाहेर न काढणाऱ्या फोनला लावला तर काहीच वाजत नाही, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. डॅक असलेला डोंगल दोन्ही जातींच्या फोनांवर चालण्याची शक्यता जास्त, म्हणून तोच घ्यावा.

पेन ड्राइव्हचा सांधा सगळ्यात स्वच्छ. गाणं आकड्यांच्याच रूपात स्टिरिओत पोचतं आणि लहर तिथेच बनते, त्यामुळे शीळही नाही आणि पुन्हा दाबणंही नाही. कुरबुरी असतात त्या वेगळ्याच. बरेच स्टिरिओ फक्त एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह वाचतात. गाणी नावाप्रमाणे न लागता भलत्याच क्रमाने लागतात, कारण कित्येक स्टिरिओ फोल्डरमधली यादी जशी लिहिली गेली तशीच वाचतात, आणि ती यादी बनते कॉपी करण्याच्या क्रमाने. हवा असलेला क्रम मिळवायचा तर ड्राइव्ह रिकामा करून गाणी त्या क्रमाने एकेक टाकावी लागतात. गाण्याची मराठी नावं पडद्यावर चौकोन होऊन दिसतात, ते स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नसल्यामुळे. कधी नुसती विचित्र चिन्हं दिसतात. तिथे दोष गाण्याच्या फाइलमधल्या नोंदीचा असतो. एमपीथ्रीच्या शेवटी जोडली जाणारी जुनी नोंद १२८ बाइटची असते, शीर्षकाला त्यात ३० अक्षरांची जागा, आणि तीही रोमन लिपी धरून आखलेली. संगणकावर टॅग बदलणारं एखादं सॉफ्टवेअर घेऊन ती नोंद नव्या, युनिकोड स्वरूपात लिहिली तर ही विचित्र चिन्हं बहुधा जातात. चौकोन मात्र राहतात. त्यासाठी फाइलचं आणि नोंदीतलंही नाव रोमन अक्षरांत लिहून ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग.