मुरुमांचे खड्डे, बारीक सुया आणि लग्नाची तारीख

लग्नाची तारीख ठरली, की गालांवरचे खड्डे घेऊन नाशिकच्या कॉलेज रोडवरील त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या मुलामुलींचा ठरलेला प्रश्न असतो, ‘महिन्याभरात जातील ना?’ मायक्रोनीडलिंगपुरते, म्हणजे बारीक सुया टोचून केल्या जाणाऱ्या उपचारापुरते, याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

खोलवर सुजलेला मुरूम बरा होताना त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजेन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, नष्ट होते आणि ते पुरेसे पुन्हा तयार झाले नाही, तर वरची त्वचा खचते. मायक्रोनीडलिंगमध्ये साधारण 1.5 ते 2.5 मिलिमीटर लांबीच्या सुयांनी तेथे मुद्दाम असंख्य सूक्ष्म जखमा केल्या जातात. रक्तातील प्लेटलेट्समधून सुटणाऱ्या घटकांमुळे कोलॅजेन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कामाला लागतात आणि नवे कोलॅजेन तयार होऊ लागते. ते पक्के व्हायला कित्येक महिने लागतात. कॅनडातील कामिराँ आणि दुसे यांनी 1997 मध्ये नोंदवलेले निरीक्षण मोठे गमतीचे आहे: शस्त्रक्रियेचे पांढरे वण झाकण्यासाठी त्यांनी त्वचेच्या रंगाची शाई गोंदली होती, कालांतराने शाई विरली, पण वण सुधारलेलेच राहिले; म्हणजे किमया शाईची नव्हे, गोंदणाऱ्या सुयांची होती.

सगळेच खड्डे मात्र सुयांना दाद देत नाहीत. गाल दोन बोटांनी ताणल्यावर जवळजवळ दिसेनासे होणारे उथळ, पसरट खड्डे चांगला प्रतिसाद देतात. टाचणी टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे फारसे हलत नाहीत आणि त्यांच्यासाठी डॉक्टर तीव्र आम्लाचा थेंब खड्ड्याच्या तळाशी लावण्याचा मार्ग निवडतात.

बधिर करणारे मलम तासभर लावून ठेवल्यावर, रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत सुया फिरवतात. लाली दोन-तीन दिवसांत ओसरते. अशा तीन ते सहा बैठका, प्रत्येकीमध्ये चार ते सहा आठवडे, हे गणित मांडले तर मे महिन्यातल्या लग्नासाठी दिवाळीच्या सुमारासच सुरुवात करायला हवी. ताज्या टोचलेल्या चेहऱ्याला हळद लावणे तर टाळलेलेच बरे. त्वचेचा वरचा थर बराचसा शाबूत राहत असल्याने आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका त्वचा सोलणाऱ्या लेसरपेक्षा कमी असतो, तरी नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात सनस्क्रीनला पर्याय नाही.

पिकलेले मुरूम असताना किंवा वण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असताना हा उपचार करत नाहीत. ऑनलाइन मिळणारे घरगुती रोलर मला तरी पटत नाहीत, कारण त्यांच्या आखूड सुया खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत, आणि लांब सुयांचा रोलर निर्जंतुक न करता चेहऱ्यावर फिरवला तर संसर्ग होऊन नवे वण पडू शकतात.